केशव साठे आणि लंडनमधील एक वाद्यत्रयी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत भाषेचा अभ्यास करणाऱ्यास ‘मिश्रण’ हा शब्द जपून वापरावा लागतो. अहिराणीत मराठी, गुजराती व हिंदी शब्द विपुल आहेत. परंतु ‘आहे’ ह्या अर्थी येणारे ‘शे’ किंवा ‘माझा’ ह्या अर्थी येणारे ‘मना’ ही रूपे शब्दसंग्रहातली नव्हेत, व्याकरणातली होत. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीस मराठीच्या खंडात नव्हे, तर भिल्ली बोलींच्या खंडात जागा देण्यात आली. तो वाद अद्याप मिटलेला नाही. शब्द उसने घेता येतात, व्याकरण सहसा हलत नाही. हीच कसोटी दोन संगीतांच्या संपर्कास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. त्यासाठी निवडलेले उदाहरण आहे लंडनमधील एका त्रयीचे, जिच्यात तबल्याची बाजू एका मराठी वादकाने सांभाळली.

केशव साठे ह्यांचा जन्म मुंबईचा, १९२८ सालचा. १९५६ मध्ये ते लंडनला गेले. मराठी वाचकास हे नाव परिचित नसण्याचाच संभव अधिक. कलकत्त्यात जन्मलेले रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तीत तबला साठ्यांचा होता. पुढे १९६७ व १९६८ मध्ये ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’चे दोन भाग निघाले. पाच जॅझवादक व भारतीय संगीताच्या बाजूचे पाच वादक अशी ती दुहेरी पंचकडी होती. नावात संयोग असला, तरी ‘सूट’मधील मेघ व गौड सारंग ह्या भागांत प्रस्तुत लेखकास दिसतात ती एकाच वाड्यातली, पण चुली वेगळ्या असलेली दोन बिऱ्हाडे.

त्रयीची गोष्ट वेगळी. सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर साठे व तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. ऑक्टोबर १९६७ मध्ये जर्मनीतील फिलिंगेन येथे ह्या तिघांनी पियानोवादक इरेन श्वाइत्सर ह्यांच्या त्रयीसह, तसेच ट्रंपेटवादक मान्फ्रेड शूफ व सॅक्सोफोनवादक बार्नी विलेन ह्यांच्यासह ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका केली. (मोतिहार तीत गातातही, तेव्हा तिला निव्वळ वाद्यसंगीत म्हणता येणार नाही.) तिच्यातील एका रचनेच्या नावात फिलिंगेनची ब्रिगाख नदी व गंगा शेजारी-शेजारी आल्या आहेत.

आता तबल्याचे व्याकरण पाहू. उजव्या हाताचा ‘ता’ व डाव्याचा ‘घे’ एकदम वाजले की ‘धा’ होतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे नामकरण विलक्षण नेमके आहे : ‘ध’ला दंत्यत्व मिळाले ते ‘त’पासून, घोष व महाप्राण मिळाले ते ‘घ’पासून. तीनतालात खाली येते तेव्हा डाव्याचा घुमारा थांबतो आणि ‘धिं’चे ‘तिं’, ‘धा’चे ‘ता’ होते. आवर्तनातील जागा येथे घोषाच्या लोपाने ओळखली जाते. इंग्रजीत सघोष महाप्राण वर्णच नसल्याने, इंग्रज विद्यार्थ्याच्या तोंडी हा भेद सहजासहजी बसत नाही.

जॅझचे गणित निराळे असले तरी परके नाही. बारा बारांच्या ब्लूजमध्ये दर बारास चार मात्रा धरल्यास अठ्ठेचाळीस मात्रा होतात, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तने. चार-चार बारांचा प्रत्येक खंड एका आवर्तनाएवढा भरतो. मात्र आघात जुळत नाहीत. तबलजीचे लक्ष समेवर, जॅझच्या ढोलकऱ्याचा जोर प्रत्येक बारातील दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. संख्या एक, उच्चार दोन.

त्याहून मोठी अडचण स्वरांची. तंबोरा एकच षड्ज धरून ठेवतो, तबलाही त्याच स्वरात मिळवलेला; रूढ जॅझची रचना मात्र स्वरसंघ बदलत जाण्यावर उभी. मग हे जमले कसे? उत्तर जॅझच्याच अलीकडच्या इतिहासात सापडते. हॅरियट ह्यांनी १९६० सालीच ‘फ्री फॉर्म’ ह्या ध्वनिमुद्रिकेत स्वरसंघांच्या ठरीव क्रमाचे बंधन सैल केले होते. श्वाइत्सर व शूफ हेही मुक्त जॅझच्या पिढीचे. म्हणजे व्याकरण बदलले ते जॅझच्या बाजूने, आणि तेही भारतीय वादकांशी गाठ पडण्यापूर्वी. अनेकजण ह्याचे श्रेय पूर्वेच्या प्रभावास देतात. ते अर्धेच खरे मानावे लागेल. साठ्यांचा ठेका आपल्या जागी राहिला, आणि मोकळ्या झालेल्या अवकाशात त्यास बसता आले.

पुढे त्यांचा तबला अनेक घरी गेला. १९७२ मध्ये गोमंतकीय घराण्यातील गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा ह्यांच्या ‘कोंकण डान्स’मध्ये ते होते; ती ध्वनिमुद्रिका २००६ साली प्रसिद्ध झाली. १९७७ मध्ये जॉन रेनबर्न ह्यांच्या वृंदात त्यांनी जुन्या इंग्रजी लोकगीतांना साथ केली. तेथे तबला दुसऱ्याच्या छंदामागून चालतो, आणि उसना शब्द कोठे संपून व्याकरण कोठे सुरू होते हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा लागतो. २०१२ साली साठे निवर्तले.