एका शहराची अनेक मध्ये

मुंबईच्या कोटाचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला. तट गेला, पण कचेरीला निघालेला माणूस पुढे कितीतरी वर्षे ‘कोटात जातो’ असेच म्हणत असे. बंदर, न्यायालय, पेढ्या, बाजार हे सारे तिथेच. पेढीला वकील जवळ हवा, वकिलाला न्यायालय जवळ हवे. म्हणून जो तो तिथेच गाळा शोधी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही एकवीस मैलांची आगगाडी सुरू झाली. तिने आणि तिच्यामागून आलेल्या गाड्यांनी घरे दूर नेली, कामे मात्र जागच्या जागी ठेवली. त्यात मुंबई म्हणजे तीन बाजूंनी समुद्र असलेली जमिनीची चिंचोळी जीभ. सकाळी सारी गर्दी दक्षिणेकडे, संध्याकाळी सारी उत्तरेकडे!

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून सुचविले की, खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. पण गंमत अशी की, त्याच सुमारास इकडे नरिमन पॉइंटला समुद्र हटवून कचेऱ्यांचे मनोरे चढत होते. राज्याचा कारभारही जुन्याच ठिकाणी राहिला. नव्या शहराला घरे द्यायची आणि दरबार जवळ ठेवायचा, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. वाशीचा खाडीपूल १९७३ चा. आगगाडी मात्र वाशीला पोचली १९९२ साली. मधली एकोणीस वर्षे बसवर भागवावी लागली. कांदेबटाटे, धान्य, भाजी यांचे घाऊक बाजार तिकडे गेले, तेव्हा कुठे वाशी-तुर्भ्याला स्वतःचा पोटापाण्याचा धंदा मिळाला.

दुसरे केंद्र मिठी नदीकाठच्या दलदलीत उभे राहिले. वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन १९७७ पासूनचे. राष्ट्रीय शेअर बाजार तिथे आला, २०१० साली हिरेबाजारही आला. तिसरे केंद्र मात्र कोणी आखलेच नव्हते. १९८२ च्या संपानंतर परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर कचेऱ्या उठल्या. गिरणीच्या भोंग्यावर चाळीतून पायी निघणाऱ्या कामगाराच्या जागी आता डोंबिवली-विरारहून येणारा कारकून आहे.

तेव्हा केंद्रे वाढली म्हणून प्रवास घटला, असे समजू नका. पूर्वी घरात एकच मिळवता आणि त्याची दिशाही एकच. आज नवरा बेलापूरला, बायको अंधेरीला; त्यांनी घर कुठे घ्यावे, सांगा! जुने रूळ दक्षिणोत्तर धावणारे, मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे भेटतात त्या दादरला. घाटकोपरच्या माणसाला अंधेरी गाठायची तर दादरचा वळसा, नाहीतर बसची गर्दी. ही दोन उपनगरे सरळ जोडणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली ती २०१४ साली. ठाण्याच्या पहिल्या गाडीनंतर तब्बल एकशे एकसष्ट वर्षांनी!