कंपवाताचा शोध : सर्पगंधेपासून मूलपेशींपर्यंत

सदऱ्याची गुंडी लावणे हे इतके साधे काम आहे, की त्यात काही कौशल्य आहे याची निरोगी मनुष्याला जाणीवही होत नाही. परंतु साठीच्या आसपास पोहोचलेल्या एखाद्या गृहस्थाला एके दिवशी त्याच गुंडीशी पाच मिनिटे झगडावे लागते. पुढे त्याचे अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो, चेहऱ्यावरचे हावभाव मावळतात. आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात, बोटांत गोळी वळीत असल्याप्रमाणे, आपोआप थरथरू लागतो. घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले.’ वस्तुतः हे केवळ वय नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातील पेशी मृत होत असल्याचे ते चिन्ह असते. या विकाराला आपल्याकडे कंपवात आणि पाश्चात्त्य वैद्यकात पार्किन्सनचा रोग असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा विकार जडलेला होता.

लंडनच्या एका उपनगरात वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली या रोगावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रोग्यांचे वर्णन होते, आणि त्यांपैकी काहींना तर त्याने केवळ रस्त्याने जाता-येता पाहिले होते. असे असूनही त्याने टिपलेली लक्षणे, म्हणजे विश्रांतीच्या वेळी होणारा कंप, पुढे झुकलेली शरीराची ठेवण आणि चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती, आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना जवळजवळ त्याच शब्दांत शिकविली जातात. रोगाचे मूळ कोठे आहे, हे मात्र त्याला सांगता आले नाही. मृत्यूनंतर शरीराचे विच्छेदन करणाऱ्यांनी ते शोधावे, अशी आशा त्याने व्यक्त केली होती.

ही आशा सफळ होण्यास एक शतक लागले. निरोगी मेंदूचा आडवा छेद घेतला, तर मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात दोन काळसर पट्टे स्पष्ट दिसतात. त्यांना शरीरशास्त्रात ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे कृष्णद्रव्य, असे नाव आहे. १९१९ साली ट्रेत्याकॉफ या संशोधकाने पॅरिस येथे असे दाखवून दिले, की कंपवाताने मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूत हे पट्टे फिकट पडलेले असतात. तेथील काळ्या रंगाच्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. या पेशी नेमके कोणते कार्य करतात, हे मात्र त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने मिळाले, तिचा आरंभ भारतातील एका वनस्पतीच्या मुळाशी आहे.

सर्पगंधेचे साहाय्य

सर्पगंधेचे मूळ उन्मादावर व निद्रानाशावर देण्याची प्रथा आपल्या देशात फार जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्ही विकारांवर तिचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे बंधू यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी काढली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा पश्चिमेकडील वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. तीनच वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. त्याचे नाव रिसर्पिन.

रिसर्पिनचा वापर जगभर सुरू झाला आणि थोड्याच काळात एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. हे औषध मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या काही रोग्यांची हालचाल मंदावत असे, त्यांचे स्नायू ताठ होत आणि हात कापू लागत. जणू त्यांना कंपवातच झाला होता. औषध थांबविले, की ही लक्षणे सामान्यतः ओसरत. एखादे रसायन हा विकार तात्पुरता निर्माण करू शकते, तर मूळ विकारही रासायनिकच असेल काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. त्यानंतर त्यांनी सशांना डोपा हे द्रव्य टोचले. काही मिनिटांतच ससे सावध होऊन हिंडू लागले. १९५७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. रिसर्पिनमुळे मज्जापेशींतील अनेक संदेशवाहक रसायनांचे साठे रिकामे होतात, हे आधीच ज्ञात होते. पण डोपा दिल्यावर मेंदूत त्यांपैकी एकाच द्रव्याचे प्रमाण पूर्ववत् होत होते, आणि ते म्हणजे डोपामाइन. तोवर डोपामाइन ही शरीरातील दुसऱ्या एका रसायनाच्या घडणीतील केवळ मधली पायरी मानली जात असे. कार्लसन यांनी त्याला स्वतंत्र संदेशवाहकाचे स्थान मिळवून दिले. या कार्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

मज्जापेशी एकमेकींना प्रत्यक्ष जोडलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीतून विद्युत्संदेश टोकाशी पोहोचला, की तेथून एखादे रसायन या फटीत सोडले जाते आणि पलीकडच्या पेशीला चेतविते. कृष्णद्रव्यातील पेशींचे लांब तंतू मेंदूच्या आत खोलवर असलेल्या रेखांकित पिंडापर्यंत जातात व तेथे डोपामाइन सोडतात. कोणती हालचाल सुरू करावी व कोणती रोखून धरावी, याचा तोल या पिंडात साधला जातो. डोपामाइनचा पुरवठा घटला, की मनुष्याच्या ठिकाणी इच्छा असते, स्नायूंत बळही असते; परंतु हालचालीला आरंभच होत नाही.

व्हिएन्नातील पुरावा

ससे हे ससेच होते. माणसाच्या मेंदूतील पुरावा अद्याप मिळावयाचा होता. व्हिएन्ना येथे ओलेह हॉर्निकीविच व हर्बर्ट एह्रिंगर यांनी मृत रोग्यांच्या मेंदूंची तपासणी करून १९६० साली तो पुरविला. कंपवाताच्या रोग्यांच्या रेखांकित पिंडात डोपामाइन अत्यल्प उरले होते. पुढच्याच वर्षी वॉल्टर बर्कमायर यांच्या सहकार्याने त्याच शहरात रोग्यांच्या शिरेत लेव्होडोपा टोचण्यात आले. जे रोगी अंथरुणात उठून बसू शकत नव्हते ते बसू लागले, व काही चालूही लागले. हा परिणाम काही तासच टिकत असे. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी हे औषध पोटातून, अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवीत नेऊन दिले, आणि दीर्घकाळ उपचार करणे शक्य झाले.

डोपामाइनच रोग्याला का देऊ नये, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. रक्त व मेंदू यांच्यामध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा एक कडक पहारा असतो, आणि डोपामाइनला त्यातून प्रवेश मिळत नाही. लेव्होडोपाला तो मिळतो; व आत गेल्यावर मेंदूच त्याचे डोपामाइन करतो. हे रूपांतर वाटेतच, रक्तात, होऊ नये यासाठी पुढे त्याच्या जोडीला कार्बिडोपासारखे दुसरे औषध देण्यात येऊ लागले. त्यामुळे मात्रा पुष्कळ कमी झाली व मळमळही घटली.

या कथेत भारताचा दुसराही धागा आहे. आपल्या रानांत व कुंपणांवर वाढणाऱ्या, अंगाला लागताच खाज सुटविणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. त्या वेळी त्या द्रव्याचा मेंदूशी असलेला संबंध कोणी ओळखला नव्हता. २००४ साली लंडन येथे आठ रोग्यांवर या बियांच्या चूर्णाची काटेकोर परीक्षा झाली आणि नेहमीच्या गोळ्यांपेक्षा त्याचा परिणाम लवकर सुरू होऊन अधिक काळ टिकल्याचे आढळले. तथापि बाजारात मिळणाऱ्या चूर्णात औषधाचे प्रमाण सारखे नसते. चालू गोळ्यांत त्याची मनाने भर घातल्यास मात्रा बेसुमार वाढण्याचा धोका असतो. वनस्पतीतून आले म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हा धडा सर्पगंधेनेच पूर्वी घालून दिला आहे.

उपचाराची मर्यादा

लेव्होडोपा हे आजही या रोगावरील प्रमुख औषध आहे. परंतु ते उणीव भरून काढते, पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो. कधी रोगी एकाएकी थिजतो, तर कधी त्याचे अंग अनावरपणे हेलकावू लागते. अशा काही निवडक रोग्यांना विद्युत्‌चे साहाय्य मिळते. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली मेंदूच्या खोल भागात बारीक तार ठेवून तीतून सतत सूक्ष्म विद्युत्स्पंदने पाठविली व कंप थांबतो असे दाखविले. छातीवर त्वचेखाली बसविलेल्या बॅटरीवर चालणारी ही पद्धती आज भारतातील मोठ्या रुग्णालयांतही उपलब्ध आहे. तिचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि तीही रोग मुळापासून बरा करीत नाही.

मग या पेशी मरतात तरी का? १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी कंपवाताच्या अंतिम अवस्थेत असल्यासारखे ताठरून रुग्णालयात आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. हे द्रव्य मेंदूत जाऊन कृष्णद्रव्यातील पेशींचे ऊर्जाकेंद्र बंद पाडते, असे पुढे सिद्ध झाले. बाह्य विष हा विकार निर्माण करू शकते, हे यावरून कळले. आणि पॅराक्वाटसारख्या शेतीतील विषांकडे संशोधकांचे लक्ष गेले. अशा द्रव्यांशी दीर्घकाळ संबंध आलेल्या लोकांत हा रोग अधिक आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे.

दुसरा धागा १९९७ साली हाती आला. इटली व ग्रीसमधील ज्या काही कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, त्यांच्यात आल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे आढळले. त्याच वर्षी असेही दिसून आले, की रोगग्रस्त पेशींत फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली पाहिलेले गोलक मुख्यतः याच प्रथिनाचे बनलेले असतात. हे प्रथिन चुकीच्या रीतीने दुमडले, की त्याचे कण एकमेकांस चिकटतात व शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तसेच दुमडावयास लावतात. विरजणाच्या थेंबाने भांडेभर दूध विरजावे, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

जर्मनीतील हायको ब्राक यांनी २००३ साली असे मत मांडले, की पुष्कळ रोग्यांत हा बिघाड कृष्णद्रव्यात सुरू न होता मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात व गंधाच्या केंद्रात सुरू होतो आणि तेथून वर सरकतो. हात कापू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नानुसार हातपाय झाडणे अशी लक्षणे का दिसतात, याचा उलगडा त्यावरून होतो. एकेकट्या लक्षणावरून मात्र घाबरण्याचे कारण नाही. ती इतर अनेक साध्या कारणांनीही उद्भवतात.

आजचे प्रयत्न

हाताचा कंप दिसू लागतो त्या वेळी कृष्णद्रव्यातील जवळजवळ निम्म्या पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणून रोग आधी ओळखणे हे आजच्या संशोधनाचे पहिले उद्दिष्ट आहे. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात बिघडलेल्या आल्फा-सिन्युक्लिनचा लवलेश असल्यास तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविता येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या कसोटीने सुमारे ८८ टक्के रोग्यांत हे प्रथिन ओळखले.

ऱ्हास थांबविण्याचे प्रयत्न अद्याप फळाला आलेले नाहीत. या प्रथिनाविरुद्ध बनविलेल्या दोन प्रतिद्रव्यांनी रोगाची गती मंदावत नसल्याचे २०२२ साली स्पष्ट झाले. मधुमेहावरील लिक्सिसेनाटाइड या औषधाने २०२४ साली थोडी आशा दाखविली. त्याच जातीचे एक्झेनाटाइड मात्र २०२५ साली मोठ्या परीक्षेत निष्प्रभ ठरले.

नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रोवण्याचा मार्ग अधिक धाडसी आहे. २०२५ साली दोन परीक्षांचे वृत्तांत एकाच वेळी प्रसिद्ध झाले. जपानमधील क्योतो येथे सात रोग्यांच्या, आणि अमेरिका व कॅनडा येथे बारा रोग्यांच्या मेंदूत, मूलपेशींपासून वाढविलेल्या डोपामाइन-उत्पादक पेशी बसविण्यात आल्या. त्या पेशी जगल्या, डोपामाइन निर्माण करू लागल्या व त्यांपासून अर्बुद झाले नाही. काही रोग्यांची हालचाल सुधारली. या परीक्षा सुरक्षितता पाहण्यासाठी होत्या. गुणाचा निर्णय मोठ्या परीक्षांनंतरच होईल.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत १४,०१० व्यक्तींपैकी ४६ जणांना कंपवात असल्याचे आढळले. हे प्रमाण एवढे मोठे दिसण्याचे एक मुख्य कारण, त्या समाजात वृद्धांची संख्या अधिक होती, हे होय. सारा देशच आता त्या वयाकडे वाटचाल करीत आहे.

सध्या तरी ज्ञानाचा लाभ रोग्याला एका अगदी साध्या मार्गाने मिळू शकतो. ‘वय झाले’ म्हणून ज्याला कोपऱ्यात बसविले जाते, त्याला वेळीच मज्जारोगतज्ज्ञाकडे नेले, नियमित वेळी औषध दिले आणि रोज व्यायाम करावयास लावले, तर त्याची पुष्कळ वर्षे हिंडण्याफिरण्यात जाऊ शकतात. पेशी वाचविणारे औषध अजून हाती आलेले नाही. परंतु ज्या सकाळी त्या गृहस्थाची बोटे पुन्हा आपल्या सदऱ्याची गुंडी लावतात, त्या सकाळी सर्पगंधा, निश्चल बसलेला तो ससा आणि व्हिएन्नातील मृतांचे मेंदू या सर्वांचे ऋण त्या एका लहानशा कृतीत फेडले जात असते.