लाइन आली की काटा जागा व्हावा

"भाऊ, मी जेवाले गेलो का लाइन जाते," काट्यावरचा पोरगा म्हणाला. माजरीत, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींच्या टापूत, एका खासगी वजनकाट्यावर मी कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. मे महिना होता, यूपीएसची बॅटरी दमलेली.

लाइन परत आली की वजन दाखवणारा इंडिकेटर आपोआप जागा होतो, लाल आकडे दिसू लागतात. कॉम्प्युटर मात्र बंद तो बंदच. बटण दाबा, पासवर्ड टाका, प्रोग्राम उघडा. तोवर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग आणि हॉर्न. हाताने पावती फाडावी, तर सकाळी रिकाम्या तोललेल्या गाडीचं वजन प्रोग्रामातच अडकलेलं. मालकाला एवढंच हवं होतं की लाइन आली की प्रोग्राम आपसूक समोर यावा.

काम पाच मिनिटांचं वाटलं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन चालू व्हायची सोय केली. पासवर्ड काढून टाकला. एखाद्या दुकानाच्या मशीनवर मी हे कधीच केलं नसतं, पण इथे खोलीला कुलूप असतं. मग विंडोजचं बटण आणि आर, तिथे शेल:स्टार्टअप लिहिलं आणि उघडलेल्या फोल्डरात प्रोग्रामचा शॉर्टकट टाकला. मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. प्रोग्राम आला, पण वजनाच्या चौकटीत शून्य. बाहेर भरलेली दहाचाकी उभी आणि इंडिकेटरवर अठ्ठावीस टनांच्या आसपासचा आकडा.

झालं होतं असं की इंडिकेटरची वायर यूएसबीच्या कन्व्हर्टरमधून येते. कन्व्हर्टर जागा व्हायच्या आतच प्रोग्रामने पोर्ट शोधला, मिळाला नाही, आणि पुन्हा शोधायची अक्कल त्याला नव्हती. म्हणून शॉर्टकट काढला आणि टास्क शेड्युलर उघडला. लॉगऑन झाल्यावर एक मिनिट थांबून प्रोग्राम चालव, असं सांगितलं. 'स्टार्ट इन'च्या रकान्यात प्रोग्रामच्या फोल्डरचा पत्ता भरला, नाहीतर तो आपला डेटा भलत्याच फोल्डरात शोधत बसतो. यूपीएसची यूएसबी वायर जोडलेली असल्याने विंडोज त्याला लॅपटॉपसारखी बॅटरी समजतं, आणि शेड्युलरमध्ये आधीपासून असलेली एक खूण बॅटरीवर असताना काम सुरूच होऊ देत नाही. तीही काढली. स्विच पाडला, चढवला. मिनिटभराने इंडिकेटरवरचा आकडा पडद्यावर जसाच्या तसा. पोरानं पावती काढली, गाडी हलली.

चौथ्या दिवशी फोन आला: "भाऊ, लाइन गेलीच नाही, तरी प्रोग्राम बंद पडला."

हे माझंच पाप. टास्क शेड्युलरमध्ये 'सेटिंग्ज'च्या पानावर, काम तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा, अशी खूण आधीपासूनच केलेली असते. रात्री बॅकअप घेऊन संपणाऱ्या कामाला ती ठीक. दिवसरात्र चालणाऱ्या काट्याला नाही. तीन दिवस माजरीत लाइन गेली नाही, हीच खरी बातमी होती. माझ्या डोक्यात ती शक्यता आलीच नव्हती.

परत गेलो, खूण काढली, पैसे मागितले नाहीत. कन्व्हर्टर लावलेल्या जागेभोवती मार्करने गोल केला, कारण तो दुसऱ्या जागी खोचला तर पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि पुन्हा शून्य. तुमच्याकडे काटा असेल आणि कुणी हे करून देत असेल, तर त्या तीन दिवसांच्या खुणेबद्दल आधी विचारा.