ऊसतोडणी कामगारांची उचल

साखर हंगामापूर्वी ऊसतोडणी मजुरास मजुरीपोटी आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेस ‘उचल’ म्हणतात. ती कामातून फिटेपर्यंत मजुरास फड सोडता येत नाही. म्हणून वेठबिगारीच्या आधुनिक प्रकारांत तिचा विचार करावा लागतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतील असला, तरी घोड व कुकडी प्रकल्पांच्या कालव्यांमुळे तेथे ऊस पिकतो. अशा फडांवर बीड जिल्ह्यातून, तसेच याच जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून मजूर येतात. पावसाळ्यातच मुकादम त्यांना उचल देतो. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ ही संज्ञा आहे. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने व्हावी, यातच या व्यवहाराचे स्वरूप दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनास सुमारे ३६६ रुपये झाला. एका जोडीने रोज २ टन ऊस तोडला, तर १ लाख रुपयांची उचल फिटण्यास सुमारे १३७ दिवस लागतात. हंगाम १२० दिवसांत आटोपल्यास १२ हजारांवर बाकी राहते. आठवड्याची खर्ची व खाड्याबद्दलचा दंड त्याखेरीज. पहाटे सुरू झालेले काम वाहन भरेपर्यंत, कित्येकदा रात्रीपर्यंत चालते. खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मासिक पाळीतील खाडा टाळणे हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. मुले खोपीत राहतात आणि त्यांची शाळा सुटते.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ अन्वये कर्जाच्या बदल्यात अन्यत्र काम करण्याचे वा मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही वेठबिगारीच होय आणि असे कर्ज रद्दबातल ठरते. आर्थिक निकडीपोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम सक्तीचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा मात्र परराज्यांत जाणाऱ्यांपुरताच होता. बीडहून श्रीगोंद्यास येणारा त्यात बसत नव्हता. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी असल्याने मालक कोण, हाही प्रश्न उरतो. उचल घेऊन मजूर आलेच नाहीत, अशी मुकादमांची व वाहनमालकांची तक्रार असते आणि ती नेहमीच खोटी नसते. तथापि तिच्या वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवणे हा गुन्हा आहे. एरवी कोणी कोणास डांबत नाही; राहिलेली बाकी पुढील हंगामाच्या उचलीत धरली जाते.