सर्वसमावेशक सुट्टीत गोदामाचा कामगार कुठे?

‘ऑल इन्क्लुझिव्ह’ हा शब्द हल्ली आपल्या वस्त्यांतही पोहोचला आहे. अलिबाग, काशिद, केळवे अशा किनाऱ्यांवरचे रिसॉर्टवाले शनिवार-रविवारचे पॅकेज देतात. एकदा पैसे भरले की खोली, चहा-नाश्ता, दोन वेळचे जेवण, तरणतलाव, मुलांचे खेळ, सारे त्यात आले. मराठीत याला ‘सर्वसमावेशक’ म्हणावे लागेल. भिवंडी तालुक्यातल्या वडप्यासारख्या गावांतूनही आपली शिकलेली, नोकरीला लागलेली कुटुंबे अशा सहलींना जाऊ लागली आहेत. चळवळीतल्या माणसांना ही चैन परवडते कशी, असे म्हणत काहीजण नाक मुरडतात. आम्हांला हे मुळीच मान्य नाही.

१९३४ साली खुद्द बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी पाहायला सहलीला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ल्यात सोडले ते पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि पाळतीला हत्यारी शिपाई देऊन! त्याआधी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला होता. ज्या समाजाला पाण्याच्या ओंजळीसाठी रक्त सांडावे लागले, त्याची मुले आज तरणतलावात डुंबत असतील तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? हॉटेलात आणि करमणुकीच्या जागी जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, हे संविधानाच्या कलम १५ ने सांगितले आहे. ते खासगी मालकालाही लागू आहे.

रिसॉर्टच्या दारात पाहुण्याच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. पैसे भरल्याची ती खूण. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये काळ्या दोऱ्याचा उल्लेख केला आहे. अस्पृश्याने तो मनगटात किंवा गळ्यात बांधायचा, म्हणजे चुकून कुणाला त्याचा विटाळ होऊ नये. त्या दोऱ्यापासून या पट्टीपर्यंतचे अंतर आपण लढून कापले आहे. परंतु आमचा प्रश्न पुढचा आहे. पट्टी ज्याच्या हातात नाही, त्याच्या सुट्टीचे काय?

मुळात सुट्टी ही मालकाच्या मेहेरबानीने मिळालेली वस्तू नव्हे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्या लढ्यामुळे १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी द्यावी लागली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. १९४६ साली आठवड्याचे काम ४८ तासांवर आणले गेले. फ्रान्समध्येही १९३६ साली प्रचंड संप झाले तेव्हा दोन आठवड्यांची भरपगारी रजा कामगारांच्या पदरात पडली, आणि हजारो कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. ज्या सुट्टीवर आज रिसॉर्टवाले धंदा करतात, ती कामगाराच्या घामाची कमाई आहे.

आता वडप्याकडे पाहा. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव. जवळच्या आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भिवंडीची गोदामे देशभर ठाऊक आहेत. रिसॉर्टमधला टॉवेल, साबण, पाण्याची बाटली अशाच एखाद्या गोदामातून गेलेली असू शकते. तिथे खोकी चढवणारा हमाल, पॅकिंग करणारी बाई ठेकेदाराकडे रोजावर असते. कायद्यात आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे. पण रोजंदारीवाल्याला सुट्टी म्हणजे एक हजेरी बुडाली! रिसॉर्टमध्ये चादरी बदलणाऱ्या बाईलाही शनिवार-रविवारीच जास्त राबावे लागते. आपला विसावा तिच्या जादा पाळीवर उभा असतो.

आणि सरकार काय करते? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजचे ९ तास १२ पर्यंत, आणि दुकाने-आस्थापनांत ९ चे १० पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ च राहील, जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, असे सांगितले जाते. ज्याच्याकडे हजेरीचा कागदच नाही, त्याचे जादा तास मोजणार कोण?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सहलीला जरूर जा. समुद्र कुणा रिसॉर्टवाल्याच्या बापाचा नाही. मुलांना तालुक्यातलीच लोनाडची बौद्ध लेणीही दाखवा. पण परत आल्यावर शेजारच्या गोदाम कामगाराला विचारा, तुला आठवड्याची सुट्टी मिळते का, हजेरीचा कागद मिळतो का? ‘नाही’ म्हणाला तर त्याला विहारात बोलवा, त्याचा अर्ज लिहून द्या, कामगार खात्यात त्याच्याबरोबर जा. आपल्यातल्या शिकलेल्यांनी एवढे केले, तर सुट्टी खऱ्या अर्थाने सर्वसमावेशक होईल.