स्तूप हे थडगे होय काय?

स्तूप म्हणजे थडगेच ना, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर नुसते ‘होय’ वा ‘नाही’ असे देता येत नाही. अस्थींवर रचलेली वास्तू या अर्थाने स्तूपाचे मूळ निःसंशय अंत्यविधीत आहे. परंतु स्तूपाचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी समकालीन रोमन थडग्यांकडे पाहणे आम्हांस उपयुक्त वाटते. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. सोलापूरहून फारसे दूर नसलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील माल पैठणच्या मालाप्रमाणे गाड्यांतून भडोच बंदरात उतरत असे, ही नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे.

इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ‘द्वादश फलकां’च्या कायद्याने रोम नगराच्या आत प्रेत पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली होती. त्यामुळे अप्पियन मार्गासारख्या बाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा थडगी उभी राहिली. सिसिलिया मेटेला हिचे बुरुजासारखे थडगे आजही तेथे दिसते. सम्राट ऑगस्टसने तर आपल्या घराण्यासाठी प्रचंड वर्तुळाकार वास्तू बांधली. दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी या काळात ‘पॅरेंटालिया’ पाळीत व आप्तेष्ट थडग्यावर अन्न, मद्य आणि फुले नेत. आपल्याकडील पितृपंधरवड्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. अनेक थडग्यांवर जागेची लांबीरुंदी कोरलेली असे, आणि हे थडगे वारसाकडे जाणार नाही असेही बजावलेले असे. थोडक्यात, थडगे ही कुळाची बाब होती, तिला मालमत्तेचा वास होता.

आता महापरिनिब्बान सुत्त पाहावे. तथागताच्या देहाची व्यवस्था कशी करावी, असे आनंदाने विचारले असता भगवंतांनी भिक्खूंना त्या पूजेत न गुंतण्यास सांगितले. ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील. देहाचा सन्मान चक्रवर्ती राजाप्रमाणे व्हावा आणि स्तूप चार महामार्ग मिळतात तेथे असावा, असेही ते म्हणाले. स्तूपास पात्र चौघे : तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागताचा श्रावक आणि चक्रवर्ती. कुशिनारा येथे मल्लांनी दहन केल्यानंतर अस्थींवरून कलह होऊ लागला, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने त्यांचे आठ भाग केले. दावेदारांत अजातशत्रूसारखा राजा होता तसेच शाक्य हे ज्ञातिबांधवही होते. परंतु शाक्यांना आठांपैकी एकच भाग मिळाला. नात्याचा हक्क इतरांच्या हक्कापेक्षा मोठा ठरला नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

वरील चौघांतील तिसरा, श्रावक, महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पुणे जिल्ह्यातील भाजे येथे चैत्यगृहाच्या दक्षिणेस १४ लहानमोठे स्तूप कोरलेले आहेत. ५ छताखाली, ९ बाहेर. त्यांपैकी काहींवर अंपिनिक, धम्मगिरि, संघदिन अशी थेरांची नावे आहेत. कान्हेरीच्या ८७ क्रमांकाच्या लेण्यात, एका लांबलचक कपारीत, विटांच्या अनेक लहान स्तूपांचे अवशेष सापडले. तेथील शिलालेखांचे वाचन डॉ. शोभना गोखले यांनी केले. त्यांत थेरांच्या नावांबरोबर अर्हत, त्रिविद्य अशी विशेषणे येतात. जागेचे माप नाही, वारसाचा उल्लेख नाही. ज्याने घर सोडले त्याला वारस कोठून असणार? पिंड देणारा पुत्र नसलेल्या या माणसांची स्मृती संघाने विटांत आणि पाषाणात राखली.

या दृष्टीने पाहता बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील श्राद्ध व पिंडदानाचा त्याग याचा अर्थ मृतांविषयी अनास्था, असा लावता येत नाही. श्राद्ध सोडणे निराळे आणि स्मरण सोडणे निराळे. भाजे येथील शिल्पींना हा भेद ठाऊक होता.

सोलापूरच्या वाचकांस भाजे, कान्हेरी लांब पडत असतील तर भीमा नदीचाच काठ धरून कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीस जावे. तेथील उत्खननात मोठा स्तूप प्रकाशात आला असून, सम्राट अशोकाची नावानिशी कोरलेली प्रतिमाही तेथेच मिळाली.