पळा, तो मागे आहे!

माणसाला भीतीची आवड किती असावी, याला काही सुमार नाही. दिवाळी अंक घरात आला की वडीलमाणसे राशिभविष्य उघडतात, मुले व्यंगचित्रांवर तुटून पडतात; पण चकलीची बशी घेऊन कोणी कोपऱ्यात गुपचूप बसले असेल, तर खुशाल समजावे की तेथे भुताची गोष्ट चालू आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकांच्या कितीतरी रात्री अशा जागवल्या. त्यांच्या कथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापिकेने संगणकातल्या एका राक्षसाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु वाचकहो, या राक्षसाचे सारे बळ त्याच्या वाक्यांत आहे, आणि म्हणून तो माझ्या विषयाच्या हद्दीत येतो.

प्रथम यंत्राची ओळख करून देते. १९८१ च्या मार्च महिन्यात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने इंग्लंडात ‘झेडएक्स ८१’ नावाचा घरगुती संगणक विक्रीस काढला. तयार यंत्राची किंमत ६९.९५ पौंड, सुटे भाग घेऊन घरी जोडणाऱ्यास ते ४९.९५ पौंडांत मिळे. वहीएवढे काळे खोके, बोटाखाली न दबणारी सपाट बटणे, चित्र दिसायचे ते घरच्या टीव्हीवर आणि खेळ भरायचा तो साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून. रंग नाही, आणि आवाज तर मुळीच नाही. स्मरणशक्ती अवघी एक किलोबाइट, म्हणजे १,०२४ इंग्रजी अक्षरे मावतील एवढी. ती पुरेना, म्हणून पाठीमागे १६ किलोबाइटची एक डबी निराळी खोचीत. ती डबी मोठी चंचल. खेळ ऐन रंगात असताना कोणाचा धक्का लागला की सारे पुसले जाई आणि कॅसेट पुन्हा लावून मिनिटे मोजीत बसावे लागे. आपण वाचीत आहात तो हा लेख संगणकात साठवायलाही जवळजवळ तेवढीच जागा लागते, यावरून त्या डबीचा आवाका ध्यानात यावा.

एवढ्याशा जागेत माल्कम इव्हान्स या इंग्रज गृहस्थाने १९८१ साली एक भुलभुलैया, त्यात हिंडणारा एक डायनोसॉर आणि त्याची भीती, अशा तिन्ही गोष्टी बसवल्या. ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ हे त्या खेळाचे नाव; जे. के. ग्रे यांच्या कंपनीने तो १९८२ मध्ये बाजारात आणला. घरगुती संगणकावरच्या भयखेळांच्या अगदी पहिल्या पिढीतला हा खेळ. भुलभुलैया १६ गुणिले १८ घरांचा, दर डावाला नवा, आणि बाहेर पडायची वाट एकच. नकाशा नाही. आपण स्वतः त्या बोळात उभे आहोत असेच चित्र दिसते: दोन्ही बाजूंना भिंती, समोर अंधार. पुढे जाता येते, डावीउजवीकडे वळता येते. मागे मात्र सरकता येत नाही. पाठीमागे काय आहे हे पाहायचे तर दोनदा वळले पाहिजे, आणि तेवढा वेळ कोणाजवळ असतो?

आता गंमत पाहा. हा रेक्स नावाचा डायनोसॉर बराच वेळ दिसतच नाही. यंत्र मुके असल्यामुळे त्याची डरकाळीही नाही. मग पडद्याच्या तळाशी एकेक वाक्य उमटते. तो दबा धरून बसला आहे. तो तुमच्या शोधात आहे. पावले जवळ येत आहेत. त्याने तुम्हाला पाहिले! आणि शेवटी, पळा, तो मागे आहे! पुढे प्रत्यक्ष दिसतो तो काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक ओबडधोबड प्राणी. त्याला पाहून हसू यावे. पण त्या पाच वाक्यांनी तोवर घसा कोरडा केलेला असतो. त्याने गिळल्यावर भुलभुलैयात कायम भटकत राहण्याची शिक्षा होते, आणि तिच्याविरुद्ध अपील करण्याची सोय आहे! हे वाचून आमच्या घरी सर्वांनाच जिल्हा न्यायालयाची आठवण झाली.

आपल्याकडे हे यंत्र क्वचितच आले. सिंक्लेअरच्या पुढच्या ‘स्पेक्ट्रम प्लस’ या संगणकाची परवान्याने तयार केलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये भारतात आणली, ती काही वाचकांच्या स्मरणात असेल. माझ्या मामांनी मात्र १९८३ साली परदेशातून येताना हे काळे खोकेच आणले होते. मामींनी माळा आवरताना ते मला देऊन टाकले. नंदुरबारच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दोन दिवस खपून ते एका जुन्या टीव्हीला जोडून दिले; त्याने पहिला डाव स्वतः खेळून पाहिला, तो अर्थातच ‘तपासणीसाठी’.

मग एके दिवशी मी ते सारे बिऱ्हाड वर्गात नेले. विषय होता भाषांतर. मुलांनी आळीपाळीने डाव खेळावेत आणि ती पाच वाक्ये मराठीत आणावीत, एवढेच काम. माझ्या वर्गात शहरातली मुले आहेत, तशीच सातपुड्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागांतली पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या भिली, कोणाच्या पावरी. प्रमाण मराठी ही त्यांची शाळेत भेटलेली भाषा.

पहिले भाषांतर आले: “तो आपला शोध घेत आहे.” मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, “मॅडम, हा तर पोस्टमन वाटतो!” वर्ग हसला. दुसरी अडचण इंग्रजीच्या एका सर्वनामाने उभी केली. त्या भाषेत एकच शब्द सर्वांना चालतो. आपल्याला ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागते. जिवावर बेतले असताना ‘आपण कृपया पळावे’ असे कोण म्हणेल? तेव्हा ‘पळ!’ हेच खरे, असे ठरले.

तेवढ्यात अक्राणीकडची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंड उघडत नाही. ती म्हणाली, “मॅडम, हे बरोबर नाही. आमच्याकडे ‘पळ’ म्हणत नाहीत. बिबट्या समोर आला आणि पळालं, तर तो मागे लागतो. आणि त्याच्या पावलांचा आवाज येत नाही. कुत्री एकदम गप्प होतात, तेव्हा समजायचं.”

“मग तुमच्या घरी काय म्हणतात?” मी विचारले.

तिने पावरीत एक लहानसे वाक्य उच्चारले, तेही कुजबुजत. मोठ्याने का बोलली नाहीस असे कोणी विचारताच म्हणाली, “मोठ्यानं बोललं तर त्याला कळेल ना!” वर्गात पावरी न समजणारे बरेच होते, पण त्या कुजबुजीने सगळ्यांच्याच माना मागे वळल्या. त्या वाक्याचा अर्थ तिने नंतर सांगितला: हलू नको, लहानाला जवळ घे.

शहाद्या-तळोद्याच्या उसात बिबट्या असतो, हे आम्ही शहरवासी वर्तमानपत्रात वाचतो. वसुबारसेचा दिवस महाराष्ट्रातील अनेक आदिवासी भागांत वाघबारस म्हणून पाळला जातो, हेही आम्हाला ठाऊक असते. परंतु वाघाची भीती आणि वाघाविषयीचे शहाणपण एकाच छोट्या वाक्यात कसे नांदते, हे मला त्या मुलीने शिकवले. ‘पळ’ या आमच्या सुबक भाषांतरात व्याकरणाची चूक नव्हती. तिच्या गावात मात्र त्याने एखाद्या मुलाचा जीव गेला असता.

वर्गात आम्ही प्रमाण भाषा शिकवतो ती आवश्यकच आहे. परीक्षा, नोकरी, अर्ज, सारे तिच्यातूनच चालते. पण मुलाच्या घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवली, तर तिच्याबरोबर त्याचे हे ज्ञानही बाहेर राहते, आणि मग ते मूल मागच्या बाकावर वर्षभर गप्प बसते. त्याला आपण बुजरे म्हणून मोकळे होतो. ती मुलगी त्यानंतरच्या तासाला पुढच्या बाकावर बसली, आणि तिच्यामागून आणखी दोघे-तिघे आपापल्या घरची वाक्ये घेऊन आले. आमच्या भाषांतराच्या वहीत त्या पाच इंग्रजी वाक्यांसाठी आता चार भाषांचे रकाने आहेत.

आजच्या खेळांत रक्ताचे पाट वाहतात, कानठळ्या बसतात, आणि मुले जांभया देत पुढच्या खेळाकडे वळतात. सोळा किलोबाइटच्या त्या डबीला फारसे काही दाखवता येत नव्हते, म्हणून इव्हान्सने वाक्यावर भरवसा टाकला. आपणही या दिवाळीत तो प्रयोग करून पाहावा. रात्री फराळ आटोपला की घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, लहानपणी अंधारात जाऊ नये म्हणून तुम्हाला काय सांगत असत? ते वाक्य त्यांच्याच बोलीत ऐका आणि मुलांकडून वहीत उतरवून घ्या.